उन्हाळ्यात बेळगावच्या आडवाटांवर गाडी नेताना

बेळगावहून गोव्याला किंवा कोकणात निघालेला माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो: किती किलोमीटर आणि किती वेळ. या लेखात ज्या रस्त्यांविषयी लिहिले आहे, त्यांना हे दोन्ही प्रश्न लागू पडत नाहीत. पुणे–बंगळूर महामार्ग सोडून पश्चिमेला वळले, की खानापूर तालुक्यातील, हिंडलगा–बेळगुंदी भागातील आणि सीमेपलीकडील, महाराष्ट्रातल्या चंदगडचे अरुंद, वळणदार रस्ते सुरू होतात. या रस्त्यांवर तासाला तीस किलोमीटर अंतर कापले गेले, तर तो वेग उत्तम समजावा. येथे आधी रस्ता निवडायचा आणि त्यावर येईल ते ठिकाण पदरात पाडून घ्यायचे, अशी सवय लावून घेतली की उन्हाळ्यातील एक दिवसही पुरेसा होतो. मात्र तो रस्ता निवडताना ऊन, सावली आणि वळीव या तिन्हींचा हिशेब घरीच मांडलेला असावा लागतो.

दिशा कोणती घ्यावी

बेळगाव शहर मलनाड, म्हणजे सह्याद्रीलगतचा डोंगराळ, पावसाळी प्रदेश, आणि पठार यांच्या सीमेवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेला जांभा दगड, तांबडी माती, दाट झाडी आणि भरपूर पाऊस आहे. पूर्वेला गोकाक आणि सौंदत्तीकडे जाऊ लागले की काळी माती, उघडी शिवारे आणि कोरडी हवा लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीमुळे बेळगावच्या सकाळी मे महिन्यातही सुखद असतात; पण अकरानंतर पूर्वेकडील उघड्या रस्त्यावर गाडी चालवणे ही शिक्षाच ठरते. शिवाय गोकाकच्या धबधब्यासाठी उन्हाळ्यात जाणाऱ्यांची निराशा होण्याचीच शक्यता अधिक असते, कारण घटप्रभेचे पाणी त्या दिवसांत फार कमी झालेले असते. तो रस्ता जुलै–ऑगस्टसाठी राखून ठेवावा.

पश्चिमेची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सकाळी शहरातून पश्चिमेला निघाल्यास सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी पूर्वेला परतताना तो पुन्हा पाठीशीच राहतो. याउलट पूर्वेला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिरपे ऊन येते. वळणावर समोरून येणारी दुचाकी उन्हाच्या तिरिपीत दिसेनाशी होते, तेव्हा हा फरक सोयीपुरता राहत नाही, तर तो जिवावर बेततो.

नकाशा, मैलाचे दगड आणि माणसे

फोनमधील नकाशा आपल्याला नेहमी सर्वांत जलद मार्ग दाखवतो, म्हणजेच जो मार्ग आपल्याला टाळायचा आहे तोच दाखवतो. म्हणून आदल्या रात्री मार्गाचे तुकडे पाडून, मधली गावे एकेक करून थांबे म्हणून भरावीत आणि तो भाग फोनमध्ये उतरवून घ्यावा. कारण जांबोटीच्या पुढे रेंज येते आणि जाते, तिच्यावर विसंबून चालत नाही. गावांची नावे एका कागदावर क्रमाने लिहून पुढच्या काचेजवळ ठेवणे ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

रस्त्याची जात ओळखण्यासाठी मैलाचे दगड पाहावेत. ज्या दगडाचा माथा पिवळा तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तो राज्य महामार्ग, काळा किंवा निळा तो जिल्ह्याचा रस्ता आणि नारिंगी तो ग्रामीण रस्ता. आपल्याला बहुतांश प्रवास काळ्या आणि नारिंगी दगडांच्या सोबतीने करायचा आहे. खेड्यांतील अनेक फलक केवळ कन्नडमध्ये असतात. फलकांचे राजकारण क्षणभर बाजूला ठेवून, ज्या गावांतून जायचे आहे त्यांची नावे आणि एक ते नऊ हे अंक कन्नड लिपीत ओळखण्याइतका अभ्यास बाहेरगावच्या पाहुण्यांनी अवश्य करावा. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

तरीही रस्ता चुकतोच, आणि तेव्हा विचारण्याला पर्याय नाही. गाडी बाजूला घेऊन, काच खाली करून, "मामा, जांबोटीचा रस्ता हाच काय?" असे विचारले की उत्तर आपुलकीने मिळते. फक्त अंतर विचारू नये, कारण "हितंच हाय की" या उत्तरात अर्धा किलोमीटरही मावतो आणि सहा किलोमीटरही मावतात. त्याऐवजी पुढचे गाव कोणते आणि फाट्यावर कोणत्या हाताला वळायचे, एवढेच विचारावे.

गाडी तपासणे

उन्हाळ्यातील घाटरस्त्यावर गाडीची कसोटी तीन ठिकाणी लागते: इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, ब्रेक आणि टायर. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवरील खुणांशी ताडून पाहावी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण आतील दाबामुळे उकळते पाणी थेट अंगावर उडते. ब्रेक ऑइल जुने झाले असेल तर ते बदलून घ्यावे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ धरून पायाखालचे पॅडल पोकळ लागू लागते.

टायरमधील हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी तपासावी आणि चालकाच्या दारापाशी लिहिलेल्या आकड्याइतकीच भरावी. उन्हात हवा फुगते म्हणून ती मुद्दाम कमी भरण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि उलट फुटण्याची शक्यता वाढते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही बाद ठरतो. टायरच्या कडेला कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होऊन तडकलेले असतात, हे तेथेच कळते. स्टेपनीतील हवा, जॅक आणि पाना यांचीही खातरजमा करावी. वायपरचे रबर उन्हाने वाळलेले असते आणि वळिवाच्या पहिल्या सरीतच ते दगा देते, म्हणून मे महिन्यात निघताना ते नवे बसवणे शहाणपणाचे आहे.

पेट्रोल किंवा डिझेल बेळगावात अथवा खानापुरातच भरून घ्यावे. पीयूसी, विमा आणि परवाना सोबत असावेत, कारण या टापूत एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तिन्ही राज्यांत पाऊल पडू शकते आणि तपासणी नाके असतात. गोव्याच्या हद्दीत काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, सहज मिळतो. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने त्याच्या वासाचेही कौतुक करू नये.

एक भरगच्च दिवस: जांबोटी, कणकुंबी, खानापूर, हलशी

घाटाची सवय नसलेल्यांनी आधी अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम करावी. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाणारा छोटा पण चढा रस्ता पहाटे चढून उतरावा, किंवा बेळगुंदीमार्गे राकसकोपच्या जलाशयापर्यंत जाऊन यावे. मार्कंडेय नदीवरील हा जलाशय बेळगाव शहराला पाणी पुरवतो, आणि त्या बाजूचे रस्ते वळणदार असले तरी जीवघेणे नाहीत.

त्यानंतर खरा दिवस. सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्यापूर्वीच तिसरे रेल्वे गेट ओलांडून पिरनवाडीला पोहोचलेले असावे. तेथे सरळ रस्ता खानापूरकडे जातो आणि उजवीकडचा किणये, कुसमळीवरून जांबोटीला. किणये मागे पडले की उघडी शेते संपत जातात, काजूच्या बागा आणि मग जंगल रस्त्यालगत येते, आणि गाडीची काच खाली करून एसी बंद करण्याची हीच वेळ असते. एप्रिल–मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस, करवंदाच्या जाळ्या आणि पिकत चाललेली जांभळे या पट्ट्यात दिसतात. गावांच्या वेशीवरचे हंप मात्र दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर पांढरा पट्टा असेलच असे नाही; पहिले घर दिसताच वेग कमी करावा, हंप नंतर येतोच.

जांबोटी बेळगावपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. येथे चहा घ्यावा आणि पुढच्या रस्त्याची स्थिती विचारावी, कारण गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या मार्गावर डागडुजी वारंवार चालू असते आणि पर्यायी वळण कोठून दिले आहे हे नकाशापेक्षा हॉटेलवाल्याला अधिक ठाऊक असते. जांबोटी ते कणकुंबी हा या दिवसाचा गाभा होय. रस्ता डोंगराच्या कुशीतून चढतो, दोन्ही बाजूंना भीमगड अभयारण्याच्या परिसरातील घनदाट वन लागते, आणि वळण संपते तेथे अचानक एखादी भाताची खाचरे असलेली दरी उघडते. मे महिन्यात ती खाचरे रिकामी असतात; शेतकरी पालापाचोळा आणि शेण जाळून पेरणीपूर्वी जमीन भाजत असल्यास सकाळच्या हवेत निळसर धूर रेंगाळतो, आणि धुरामुळे समोरचे दिसेनासे झाले तर दिवे लावून सावकाश पुढे जावे.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. माउलीच्या देवळापाशी थोडा वेळ बसावे, कारण येथे भूगोल डोळ्यांसमोर उभा राहतो: मलप्रभा येथून पूर्वेला निघून कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते, तर याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. आपण ज्या धारेवर गाडी उभी केली आहे, ती दोन समुद्रांची वाटणी करणारी धार आहे. पुढे चोर्ला घाट गोव्यात उतरतो. हौस म्हणून घाटमाथ्यापर्यंत जाऊन यायला हरकत नाही, परंतु पूर्ण उतरून परत चढण्याच्या भरीस त्याच दिवशी पडू नये. खाली उकाडा आहे आणि वर आपला बेत आहे. अभयारण्यातील भीमगड किल्ला किंवा बारापेडे गुहा यांच्याकडे वन खात्याच्या परवानगीशिवाय वळू नये. राँटनची वटवाघळे या दुर्मीळ जातीची वसाहत त्या गुहांत आहे आणि तिला पाहुण्यांची गरज नाही.

दहाच्या सुमारास कणकुंबीहून परत फिरून जांबोटीत यावे आणि तेथून खानापूरचा रस्ता धरावा. हा तुकडा नकाशावर किरकोळ दिसतो. माझ्या मते मात्र चालवायला तोच सर्वांत गोड आहे, कारण वाहतूक तुरळक असते, वळणे लांब आणि अंदाज येणारी असतात, आणि झाडांची सावली बराच काळ सोबत करते. दुपार खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेच्या काठी काढावी. घरून आणलेला दहीभात, भाकरी, ठेचा आणि ताक यांना अशा दुपारी तोड नाही. बारा ते तीन या वेळेत गाडी चालवू नये, एवढा एकच नियम पाळला तरी उन्हाळी प्रवासाचा निम्मा शीण वाचतो.

उन्ह कलल्यावर नंदगडमार्गे हलशी. नंदगडला ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये फाशी देण्यात आले. त्यांची समाधी तेथे आहे. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. भूवराह नरसिंहाचे बाराव्या शतकातील मंदिर आज ज्या शांत खेड्यात उभे आहे, ते एके काळी राजधानीचे ठाणे होते, हे तेथील रस्त्यावरून कोणाला खरे वाटणार नाही. या भागात जनावरे संध्याकाळी घरी परततात. कळप दिसला की हॉर्न न वाजवता थांबावे, गुराखी स्वतःच वाट करून देतो. परतीला खानापूरमार्गे अंधारापूर्वी बेळगाव गाठता येते.

वळणे कशी घ्यावीत

वळणाचा आनंद वेगात नसून लयीत असतो, आणि लय बिघडते ती वळणात शिरल्यावर ब्रेक दाबल्याने. ब्रेक वळणापूर्वी, सरळ रस्त्यावरच लावून घ्यावा, गिअर तेथेच खाली आणावा, वळणात वेग स्थिर ठेवावा आणि पुढचा रस्ता दिसू लागल्यावर हलकेच ॲक्सिलरेटर द्यावा. नजर बॉनेटसमोर न ठेवता वळण जेथे संपते तेथे ठेवावी. हात आपोआप तिकडे वळतात. अंध वळणावर आपली डावी बाजू काटेकोरपणे धरावी, हॉर्न द्यावा आणि समोरून बस येत आहे असेच गृहीत धरावे. कर्नाटक परिवहनाची किंवा एसटीची बस मोठ्या वळणावर आपल्या बाजूला येतेच, कारण तिला दुसरा इलाज नसतो.

उतारावर जो गिअर चढताना लागला असता तोच ठेवावा, आणि गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. इंधन वाचवण्याच्या त्या प्रयत्नात सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिनाला गाडी रोखू द्यावी आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे, थोड्या वेळासाठी दाबावा. सतत पाय ठेवून घासत गेल्यास जळका वास येऊ लागतो. तो आला की सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्यास उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. हा शिष्टाचार आहे आणि नियमही आहे. साईडपट्टीवर चाक उतरवण्यापूर्वी ती डांबरापासून किती खाली आहे हे पाहावे, कारण धुपलेल्या कडेवर गाडीचे पोट टेकते.

चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करून काचा उघडाव्यात, आणि फरक न पडल्यास सावलीत थांबून बॉनेट उघडावे. मागे बसलेल्यांना गाडी लागत असेल तर त्यांना पुढे बसवावे, दूरवर पाहायला सांगावे आणि आलेपाकाची वडी द्यावी. त्याहून मोठा उपाय चालकाच्याच पायात असतो.

वळीव आला तर

एप्रिलच्या मध्यापासून दुपारनंतर आभाळ भरून येणे हे या भागाचे नित्याचे चित्र आहे. अचानक गार वारा सुटला, धूळ उठली आणि उजेड पिवळट झाला, की पाच–दहा मिनिटांत सर कोसळते. पहिल्या सरीतील रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने साचलेले तेल, धूळ आणि टायरची झीज पाण्याबरोबर वर येते. पश्चिमेकडे त्यात तांबड्या मातीचा चिखलही मिसळतो. पहिली पंधरा–वीस मिनिटे थांबून काढणे सर्वांत चांगले, मात्र झाडाखाली, फलकाखाली किंवा दरडीखाली गाडी उभी करू नये. वीज चमकत असताना बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी सुरक्षित असते. दुचाकीस्वारांनी मात्र जवळचे पक्के घर किंवा देऊळ गाठावे. मोरीवरून पाणी वाहत असल्यास ते कितीही उथळ वाटले तरी ओसरेपर्यंत वाट पाहावी.

सीमेपलीकडे, मुक्कामाला

दोन दिवस हाताशी असतील तर हिंडलगा, बाची, शिनोळी आणि पाटणे फाट्यावरून चंदगडला जावे. वाटेत देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड हा एक सुंदर फाटा आहे. चंदगडहून आंबोलीकडे जाणारा रस्ता उन्हाळ्यात विशेष सुखाचा असतो, आणि आंबोलीत रात्रीचा गारवा मे महिन्यातही मिळतो. तिलारी घाट मात्र नवख्यांनी उतरू नये. जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला तो रस्ता अतिशय तीव्र उताराचा आणि अवघड वळणांचा आहे. घाटमाथ्यावरून दरी पाहून परतण्यात काहीही कमीपणा नाही.

या बाजूला सूर्यास्तानंतर गाडी चालवणे टाळावे. गवे अंधारात रस्त्यावर उभे असतात, त्यांचा काळा रंग दिव्यात उशिरा दिसतो, आणि चंदगड, आजरा व तिलारी परिसरात हत्तींचाही वावर आहे. प्राणी दिसल्यास दिवे मंद करून थांबावे, खाली उतरू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. चैत्र–वैशाखात गावोगावी यात्रा असतात, तेव्हा मुख्य गल्लीतून जाणारा रस्ता दिवसभर बंद असू शकतो. फाट्यावर कमानी आणि ध्वनिक्षेपक दिसले की तेथेच दुसरी वाट विचारून घ्यावी. रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदे, जांभळे, काजूची बोंडे विकायला बसतात. घ्यावीत, मात्र गाडी वळणापासून लांब, पूर्ण डांबराबाहेर उभी करूनच. सुके गवत असलेल्या जागी तापलेल्या सायलेन्सरची गाडी उभी करू नये आणि विडी–सिगारेटचे थोटूक बाहेर टाकू नये. वणवे असेच लागतात.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्यावी, कारण तांबडी धूळ चाकांच्या कमानींत आणि सांध्यांत जाऊन बसते आणि पावसाळ्यात तीच ओलावा धरून ठेवते. एअर फिल्टर काढून झटकावा. खूप भरलेला असल्यास बदलावा. टायरच्या आतल्या कडा हाताने चाचपून पाहाव्यात, साईडपट्टीवरील दगडांनी पडलेले काप बाहेरून दिसत नाहीत. बोनेटवर काजूच्या बोंडाचा रस किंवा फणसाचा चीक लागला असेल तर तो त्याच दिवशी, फणसाचा असल्यास खोबरेल तेलाने, काढावा. उन्हात वाळल्यानंतर तो रंगासह निघतो.